तंजावरच्या गच्चीवर पवनचक्की लावावी का?

तामिळनाडूत वाऱ्याच्या विजेचे आता कोणाला नवल वाटत नाही. कन्याकुमारी जिल्ह्यातल्या मुप्पंदल परिसरात रस्त्याच्या दोन्ही अंगांना नजर जाईल तिथवर पवनचक्क्या फिरताना दिसतात. कोइंबतूर-तिरुप्पूरकडच्या कापडगिरण्यांनी स्वतःच्या मालकीच्या चक्क्या उभारून वर्षानुवर्षे आपले वीजबिल आवाक्यात ठेवले आहे. १९८६ साली देशात पवनविजेचे पहिले प्रात्यक्षिक प्रकल्प उभे राहिले, तेव्हा गुजरातेतला ओखा आणि आपला कोकण किनारा यांच्या जोडीला तुतिकोरिनचा किनाराही होता. आज या एका राज्याची पवनविजेची स्थापित क्षमता १० हजार मेगावॉटच्या वर आहे. अशा राज्यात, तंजावरसारख्या शहरात, ज्याचे स्वतःचे घर आणि मोकळी गच्ची आहे त्याच्या मनात एक विचार येणे अगदी साहजिक आहे. वारा फुकट आहे, गच्ची रिकामी आहे, बाजारात एक किलोवॉटची छोटी पवनचक्की मिळते. मग घरची वीज घरीच का करू नये? व्यंकोजीराजांच्या मागोमाग तंजावरला गेलेल्या आणि तिथेच रुजलेल्या मराठी घरांपासून सातारा, सांगली, धुळ्याच्या बंगल्यांपर्यंत हा प्रश्न सारखाच लागू आहे.

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांसाठी ‘नको’ असे आहे. वाऱ्याच्या विजेत काही खोट आहे म्हणून ते नव्हे. वाऱ्याची वीज उत्तम आहे, स्वस्त आहे आणि देशाला ती आणखी पुष्कळ हवी आहे. पण ती मिळवण्याच्या काही अटी असतात: जागा वाऱ्याची हवी, उंची भरपूर हवी आणि पाती मोठी हवीत. शहरातल्या घराच्या गच्चीवर या तिन्ही अटी एकदम मोडतात. तंजावर हे यासाठी फार बोलके उदाहरण आहे, कारण पवनविजेत देशाच्या अगदी पुढच्या रांगेत बसणाऱ्या राज्यात ते आहे आणि तरीही तिथल्या गच्चीवरची चक्की परवडत नाही. राज्याचा वारा आणि गच्चीवरचा वारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा नीट समजले की पुढचा निर्णय सोपा होतो.

सुरुवात वाऱ्याच्या गणितापासून करावी लागते. वाहत्या हवेतली ऊर्जा तिच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा आठपट होते आणि वेग निम्मा झाला तर ऊर्जा आठव्या हिश्श्यावर येते. याखेरीज दुसरी एक मर्यादा आहे. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेर दाखवून दिले की कोणतेही यंत्र वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांहून अधिक ऊर्जा काढून घेऊ शकत नाही. सगळी काढून घेतली तर हवा पात्यांमागेच थांबेल आणि पुढची हवा यायला वाट राहणार नाही. अजस्र आधुनिक चक्क्या या मर्यादेच्या बऱ्याच जवळ जातात. घरगुती चक्की मात्र जनित्र, तारा, बॅटरी आणि इन्व्हर्टर यांतली गळती धरता वीस-पंचवीस टक्क्यांपाशी अडते. जाहिरातीत ‘एक किलोवॉट’ असे छापलेले असते, तो आकडा बहुधा सेकंदाला ११-१२ मीटर, म्हणजे ताशी ४० किलोमीटरच्या वर वारा असतानाचा असतो. तसा वारा घरावर वर्षातून किती तास वाहतो, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. खरेदीदाराने विचारायचा पहिला प्रश्न नेमका तोच आहे.

आता एक हिशेब मांडून पाहू. अडीच मीटर व्यासाची पाती असलेली, एक किलोवॉट म्हणून विकली जाणारी चक्की घेऊ. तिची पाती फिरताना साधारण पाच चौरस मीटरचे वर्तुळ व्यापतात. वारा दिवसभर एकाच वेगाने वाहत नाही, म्हणून अधूनमधून येणाऱ्या जोरदार झोतांची कमाईही जमेला धरू. गच्चीवरच्या वाऱ्याची वर्षाची सरासरी सेकंदाला ३ मीटर असेल, तर अशी चक्की दिवसाला जेमतेम पाऊण युनिट वीज देईल. सरासरी ४ मीटर असेल, तर पावणेदोन-दोन युनिट. ५ मीटर असेल, तर साडेतीन युनिटच्या आसपास. दाट वस्तीच्या सपाट गावात, दुमजली घराच्या उंचीवर, यातला पहिला आकडाच खरा ठरण्याची शक्यता अधिक. त्याच गच्चीवर एक किलोवॉटची सौर पॅनेले बसवली, तर तामिळनाडूच्या उन्हात वर्षाची सरासरी दिवसाला चार युनिटच्या घरात जाते. पॅनेलला फिरणारा भाग नसतो, त्याचा आवाज होत नाही, अधूनमधून धूळ पुसली की झाले. खर्चही पाहावा. घरगुती सौर संचाला किलोवॉटमागे साधारण पन्नास ते सत्तर हजार रुपये पडतात. छोट्या चक्कीचा मनोरा, पाया, नियंत्रक आणि बॅटरी धरली की रक्कम सहज त्याच्या दुपटीपुढे जाते. तामिळनाडूत घरगुती ग्राहकाला दर दोन महिन्यांच्या बिलात पहिली १०० युनिट मोफत मिळतात. पाऊण युनिटाच्या हिशेबाने चक्की दोन महिन्यांत पंचेचाळीस युनिट देईल. सरकार जे फुकट देते त्याच्या निम्म्याहूनही हे कमी झाले.

तरीही तामिळनाडू पवनविजेत पुढे कसा, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर नकाशावर सापडते. पश्चिम घाटाची भिंत केरळ आणि तामिळनाडू यांच्यामध्ये उभी आहे, पण ती सलग नाही. पालघाटची खिंड तीस-चाळीस किलोमीटर रुंद आहे. दक्षिणेला शेंकोट्टै आणि आरल्वाय्मोळी इथे लहान खिंडी आहेत. मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारा या खिंडींत शिरतो, चेपला जातो, त्याचा वेग वाढतो आणि पलीकडच्या मोकळ्या, कोरड्या माळांवर तो सुसाट सुटतो. उडुमलपेट, पल्लडम, मुप्पंदल इथल्या चक्क्या याच वाऱ्याच्या वाटेवर उभ्या आहेत. महाराष्ट्रातही गोष्ट वेगळी नाही. साताऱ्याजवळचे चाळकेवाडी, पाटण तालुक्यातले वनकुसवडे, धुळे जिल्ह्यातले ब्राह्मणवेल ही नावे पवनविजेमुळे प्रसिद्ध झाली, कारण ती उघड्या पठारांवर आहेत. खुद्द सातारा शहरात, पेठेतल्या घरावर, तो वारा मिळत नाही. तंजावर पालघाटच्या तोंडापासून दोनशे किलोमीटरहून अधिक पूर्वेला आहे. मधल्या प्रवासात खिंडीतून सुटलेला वारा पसरतो, त्याचा जोर ओसरतो. पुढे कावेरीचा त्रिभुज प्रदेश लागतो: भाताची खाचरे, कालव्यांच्या कडेची नारळाची आणि केळीची बने, दाट गावे. वाऱ्याला वेग देणारी कोणतीही भूरचना तिथे नाही, त्याला अडवणाऱ्या गोष्टी मात्र भरपूर आहेत.

अडथळ्यांचा मुद्दा जरा खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे. जमिनीलगतची हवा घरे, झाडे, भिंती यांना घासत जाते आणि मंदावते. मोकळ्या समुद्रावर हा फरक थोडा असतो, गावात फार मोठा. समजा, एखाद्या शहरावर १०० मीटर उंचीवर वाऱ्याचा वेग सेकंदाला ६ मीटर आहे. इमारतींच्या गर्दीसाठी अभियंते वापरतात त्या सूत्राने त्याच जागी १० मीटर उंचीवर तो साधारण ३ मीटर निघतो. वेग निम्मा, म्हणजे ऊर्जा आठवा हिस्सा. त्यातच घरांच्या मागे हवा भोवरे घेते, जसे पुराच्या वेळी पुलाच्या खांबामागे पाणी घेते. अशा हवेत चक्कीची मान सारखी इकडून तिकडे वळत राहते, वीज कमी होते आणि बेअरिंग लवकर झिजते. म्हणून छोट्या चक्क्यांसाठी जाणकारांचा जुना नियम असा, की दीडशे मीटरच्या परिघात जो सर्वांत उंच अडथळा असेल त्याच्याहून चक्की किमान दहा मीटर वर असावी. तंजावर परिसरातला बहरलेला माड वीस मीटरपर्यंत जातो. म्हणजे तीस मीटरचा, दहा मजली इमारतीएवढा मनोरा आला. तो उभारायचा म्हटले तर पाया, ताणतारा आणि त्या बांधायला जागा हवी. शिवाय परवानग्या हव्यात. तंजावरचे बृहदीश्वर मंदिर हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या भोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत नियंत्रण असते. शहराजवळ हवाई दलाचा तळही आहे, २०२० पासून तिथे सुखोई विमानांची तुकडी असते. विमानतळांच्या आसपास उंच बांधकामाला वेगळी परवानगी लागते. कमी उंचीवर वारा नाही आणि उंच जायला जागा नाही, अशा पेचात शहरातला घरमालक सापडतो.

उंचीचे मोल किती, हे राष्ट्रीय आकड्यांवरूनही दिसते. चेन्नईतली राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था १९९८ साली स्थापन झाली. तुतिकोरिन जिल्ह्यात कयत्तार इथे तिचे चाचणी केंद्र आहे आणि लहान-मोठ्या चक्क्यांची तिथे परीक्षा होते. या संस्थेच्या अंदाजानुसार जमिनीपासून १२० मीटर उंचीवर देशाची पवनक्षमता सुमारे ६९५ गिगावॉट आहे, आणि १५० मीटरवर ती सुमारे १,१६४ गिगावॉटवर जाते. उद्योगातली मंडळी दर काही वर्षांनी मनोरे आणखी उंच आणि पाती आणखी लांब करत आली आहेत, ती हौसेखातर नव्हे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉनसारख्या कंपन्यांच्या अलीकडच्या चक्क्यांचे मनोरे १४० मीटरपर्यंत गेले आहेत, म्हणजे बृहदीश्वर मंदिराच्या शिखराच्या दुपटीहून उंच. सगळा धंदा ज्या दिशेने वर चढतो आहे, त्याच्या नेमक्या उलट दिशेने, खाली गच्चीवर, चक्की आणण्यात तर्क उरत नाही.

घरगुती पवनविजेचा इतिहासही हेच सांगतो. १८८७ साली ग्लासगोतले प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी स्कॉटलंडमधल्या मेरीकर्क गावी आपल्या सुटीतल्या घराच्या आवारात कापडी शिडांची चक्की उभारली आणि तिच्या विजेने घर उजळले. उरलेली वीज गावच्या रस्त्यावरच्या दिव्यांना देऊ केली, तर गावाने ती सैतानाची करामत म्हणून नाकारली असे सांगतात. पुढच्याच वर्षी अमेरिकेत क्लीव्हलंडला चार्ल्स ब्रश यांनी आपल्या वाड्यासाठी चक्की बांधली. तिच्या चाकाचा व्यास सतरा मीटर होता, पाती १४४ होती आणि मिळत होती फार तर बारा किलोवॉट वीज. एका घरासाठी केवढे यंत्र लागले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे १९२० ते १९४०च्या दशकांत अमेरिकेच्या गवताळ मैदानांतल्या दूरदूरच्या शेतघरांवर जेकब्ससारख्या कंपन्यांच्या छोट्या चक्क्या हजारोंनी लागल्या. ती जागा मुळातच वाऱ्याची होती आणि विजेची तार तिथे पोहोचलेली नव्हती. सरकारच्या ग्रामीण विद्युतीकरणाने ती तार पोहोचवली आणि त्या चक्क्या उतरवल्या गेल्या. छोट्या चक्कीची खरी स्पर्धा कोणाशी असते, हे या घटनेतून दिसते. जिथे तार नाही तिथे ती उपयोगाची ठरते. तार आली की तिला टिकाव धरणे कठीण जाते.

शहरातल्या घरांवरचा अनुभव आणखी रोखठोक आहे. ब्रिटनमध्ये २००७-०८ च्या सुमारास इमारतींवर बसवलेल्या २६ छोट्या चक्क्यांची पद्धतशीर मोजणी झाली. ती ‘वॉरिक पवन चाचणी’ या नावाने ओळखली जाते आणि तिचा अहवाल २००९ मध्ये आला. या चक्क्यांनी आपल्या छापील क्षमतेच्या सरासरी एक टक्क्याहूनही कमी वीज दिली. बंद ठेवलेला काळ वगळला तरी आकडा चार टक्क्यांच्या आसपासच राहिला. चांगल्या जागी असलेली मोठी चक्की वीस-तीस टक्के सहज देते. उंच इमारतींवरच्या ज्या मोजक्या चक्क्या चांगल्या चालल्या, त्यांतल्या काही आवाजाच्या तक्रारींमुळे बंद ठेवाव्या लागल्या. आणि हे सारे ब्रिटनमध्ये, जो युरोपातल्या वादळी देशांपैकी एक मानला जातो. आपल्याकडेही प्रयत्न झाले. केंद्र सरकारने छोट्या पवनचक्क्या आणि वारा-सौर संकरित संचांसाठी अनुदान दिले. महाराष्ट्रात ‘मेडा’च्या (महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरणाच्या) पुढाकाराने असे संच बसले आणि त्यांत आपले राज्य देशात पुढे होते. तरी वर्षानुवर्षांच्या अनुदानानंतरही देशभरातल्या अशा संचांची बेरीज काही मेगावॉटच्या पलीकडे गेली नाही. मुप्पंदलच्या माळावरच्या दोन-तीन मोठ्या चक्क्या तेवढी क्षमता भरून काढतील. दरम्यान २०१८ च्या एप्रिलमध्ये देशातल्या प्रत्येक गावात विजेची तार पोहोचल्याची सरकारी घोषणा झाली आणि छोट्या चक्कीचे उरलेसुरले कार्यक्षेत्रही आकसले.

यावर आक्षेप येतील आणि ते ऐकून घ्यायला हवेत. पहिला आक्षेप खास तामिळ आहे. ‘आडीच्या वाऱ्यात पाटासुद्धा उडतो’ अशी तिथे म्हण आहे. आडी म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा महिना. त्या दिवसांत तंजावरलाही वारा चांगला जाणवतो, मग तो का वापरू नये? वापरता येईल, पण पैसे बारा महिन्यांच्या यंत्राला मोजायचे आणि काम एक-दोन महिन्यांचे घ्यायचे, असा तो सौदा होतो. ऑक्टोबरनंतर पावसाळी, कोंदट दिवस येतात, मार्च-एप्रिलमध्ये उकाडा होतो. पंखे आणि एसी तेव्हा सर्वांत जास्त चालतात आणि चक्की मात्र तेव्हाच स्वस्थ बसते. मोठ्या गिरण्यांना हीच अडचण आहे. त्या वाऱ्याच्या हंगामातली जादा वीज वीजमंडळाच्या जाळ्यात ‘बँकिंग’ करून ठेवतात आणि नंतर वापरतात. हंगामाचा हिशेब जाळ्याच्या पातळीवर जुळवता येतो, एका घराच्या बॅटरीत जुलैची वीज एप्रिलपर्यंत राखून ठेवता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सूर्य रात्री नसतो, वारा असतो. म्हणून दोन्हींची जोडी लावावी. राज्याच्या पातळीवर हे खरे आहे. गच्चीच्या पातळीवर मात्र निसर्ग उलट वागतो. सूर्य मावळला की जमीन थंड होते, तिच्या लगतची हवाही थंड आणि जड होऊन जागच्या जागी बसते आणि वरच्या वाहत्या हवेशी तिचा संबंध तुटतो. त्यामुळे शंभर मीटरवरचा वारा रात्री अनेकदा वाढतो, दहा मीटरवरचा पडतो. रात्रीच्या विजेसाठी घरगुती चक्कीकडे पाहणाऱ्याला ती नेमक्या त्याच वेळी हात देत नाही. वीज गेल्यावरच्या आधाराचेही तसेच आहे. भारनियमनात घर चालवते ती बॅटरी, आणि ती भरायला पॅनेल किंवा जाळ्यातली वीज अधिक भरवशाची असते. रात्री वारा हवाच असेल, तर तो माळावरच्या उंच चक्क्यांकडून तारेवाटे घ्यावा. तामिळनाडूतल्या घरात जूनच्या रात्री दिवा लागतो, तेव्हा त्यातला काही हिस्सा वाऱ्याचाच असतो. वाऱ्याची वीज घरात आधीच येते आहे, फक्त ती स्वतःच्या गच्चीवरून येत नाही.

तिसरा आक्षेप नव्या यंत्रांचा. उभ्या आसाच्या, पिळाच्या आकाराच्या, दिसायला देखण्या चक्क्या ‘मंद वाऱ्यातही वीज देतात’ असे सांगून विकल्या जातात. त्या मंद वाऱ्यात फिरतात हे खरे. पण फिरणे वेगळे आणि वीज देणे वेगळे. सेकंदाला ३ मीटरच्या वाऱ्यात एका चौरस मीटरमागे सोळा वॉटच्या आसपासच ऊर्जा असते. पात्यांचा आकार कसाही असो, जे हवेतच नाही ते यंत्र कुठून आणणार? उलट अर्ध्या पिंपासारख्या पात्यांची चक्की त्या सोळातले दोन-तीन वॉटच पदरात टाकते. याच घनाच्या नियमाची दुसरी बाजू वादळात दिसते. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ‘गाजा’ चक्रीवादळ वेदारण्यम-नागपट्टिनमच्या बाजूने जमिनीवर आले. ताशी १२० किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्याने तंजावर जिल्ह्यातल्या पट्टुकोट्टै, पेरावुरणी भागांतल्या नारळीच्या बागा आडव्या केल्या आणि त्रिभुज प्रदेशात विजेचे खांब मोठ्या संख्येने पाडले. तो वेग चक्कीच्या छापील वेगाच्या साधारण तिप्पट भरतो: ऊर्जा सत्तावीसपट, पात्यांवरचा दाब नऊपट. वर्षभर पाऊण युनिट देणारे यंत्र अशा एका रात्रीसाठीही भक्कम बांधावे लागते, नाहीतर ते शेजाऱ्याच्या गच्चीवर जाऊन पडायचे.

मग छोट्या चक्कीला जागाच नाही का? आहे, पण ती मोजकी आहे. तंजावर जिल्ह्याचा दक्षिण काठ पाल्कच्या सामुद्रधुनीला लागतो. अदिरामपट्टिनम ते मल्लिपट्टिनम या किनाऱ्यावर समोर उघडे पाणी आहे आणि जमिनीचे घर्षण कमी आहे. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांनी १८१४-१५ च्या सुमारास ज्या ठिकाणी आठ मजली षट्कोनी मनोरा बांधला, तो हाच किनारा. इथली मासेमारीच्या धक्क्यावरची शीतपेटी, मिठागरावरची चौकी, समुद्रात रात्र काढणारी मोठी बोट अशा ठिकाणी सौर पॅनेलला छोट्या चक्कीची जोड शोभते, अर्थात वादळात ती खाली उतरवून ठेवता येत असेल तर. सह्याद्रीच्या उघड्या सड्यावरचा एकाकी धनगरवाडा, दुर्गम संदेशवहन केंद्र, तारेपासून फार दूरचे बेट यांनाही हेच लागू. शिक्षणासाठीही तिचे मोल मोठे आहे. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलमध्ये ‘मिनवायू’ ही संस्था लाकडी पाती आणि हाताने गुंडाळलेल्या तारांची चक्की बनवायला शिकवत आली आहे. तिचा मूळ आराखडा स्कॉटलंडच्या ह्यू पिगट यांचा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने अशी एक चक्की स्वतः घडवली, तर वाऱ्याचे गणित त्याला जन्मभर विसरता येणार नाही. पण शिकण्याचे साधन आणि वीजबिल कमी करण्याचे साधन यांची गल्लत करू नये.

उरतो तो व्यवहार. घरची वीज हलकी करायची असेल, तर पहिला पैसा पंख्यांवर घालावा. जुना छताचा पंखा पंच्याहत्तर वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा तीस वॉटच्या आसपास. घरातले चार पंखे बदलले आणि ते रोज बारा तास चालत असतील, तर दिवसाला दोन युनिटांहून अधिक वीज वाचते. सेकंदाला ४ मीटरच्या चांगल्या वाऱ्यात एक किलोवॉटची चक्की जेवढी वीज देईल, त्याहून ही बचत जास्त आहे, आणि तीही मनोऱ्याशिवाय. दुसरा पैसा गच्चीवरच्या पॅनेलांवर. फेब्रुवारी २०२४ पासूनच्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट किंवा अधिकच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. घरगुती पवनचक्कीला या योजनेत स्थान नाही, आणि वरचे आकडे पाहता ते योग्यच आहे.

एवढे होऊनही ज्याला आपल्या जागेच्या वाऱ्याची खात्री वाटते, त्याने आधी वारा मोजावा. जिथे आणि जेवढ्या उंचीवर चक्की लावायची, तिथेच वेगमापक वर्षभर ठेवावा. विक्रेत्याचा तक्ता, गावची ख्याती किंवा गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांची फडफड यांवर भिस्त ठेवू नये. वर्षाची सरासरी सेकंदाला ५ मीटरच्या वर आली तरच पुढे जावे, खाली आली तर मापकाच्या थोडक्या खर्चात मोठा खर्च वाचला असे समजावे. ज्या शहरात सरफोजीराजांनी आपल्या नेत्ररुग्णांच्या उपचारांच्या नोंदी ठेवल्या आणि त्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेल्या आहेत, तिथल्या महाविद्यालयांनी आपापल्या आवारात वेगमापक लावून वाऱ्याच्या नोंदी गावासमोर ठेवल्या, तर पुष्कळ कुटुंबांचे लाख-दीड लाख रुपये वाचतील. तोवर तंजावरच्या किंवा साताऱ्याच्या शहरवासीयाला सल्ला एकच: पंखे बदला, गच्चीवर पॅनेले बसवा आणि पवनचक्की माळावरच राहू द्या.